शिकेकाईचा हिशोब

लहानपणी कोरपन्यात आमची आजी रविवारी शिकेकाई आणि रिठे उकळायची. कुटणं, चाळणं, चूल पेटवणं यात सकाळ जायची. तिच्या वेळेचं बिल कुणी लावलं नाही, म्हणून ते 'स्वस्त' वाटलं.

१९८३ साली आमच्या तालुक्यात आवारपूरला सिमेंट कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी तमिळनाडूत कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १५ हजार रुपयांत 'चिक' शाम्पूचा धंदा मांडला. पुडीची कल्पना त्यांच्या वडिलांची, चिन्नी कृष्णन यांची. मजुरीच्या पैशात अख्खी बाटली बसत नव्हती, पुडी बसली. पुढे 'चिक'ने योजना काढली: कुठल्याही शाम्पूच्या ५ रिकाम्या पुड्या द्या, एक फुकट न्या. शिकेकाई मागे पडली ती गुणात नव्हे, वेळेत.

आज तीच कंपनी 'मीरा' नावाने शिकेकाईही विकते. म्हणजे नैसर्गिककडे परतताना आपण कुटण्या-चाळण्याचे पैसे मोजतो. ते पोचतात कारखान्याला, दुकानाला, जाहिरातीला. शेंगा वेचणारीचं काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वेचणाऱ्या वननिवासींना दिली. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. पाकीट घेताना मी आता आधी मागची बाजू वाचतो. तिथे घटक असतात, किंमत असते. शेंग कोणत्या गावाची, ते नसतं.