बळी शंभर, कर्णधारपद शून्य

खेळाडूंनी जिद्द सोडू नये, हा उपदेश आम्हांला फुकट मिळतो. जिद्द बाळू पालवणकरांकडे कमी होती काय? पुण्यात हिंदूंच्या संघासाठी बळी घ्यायचे आणि चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात प्यायचा! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी चांभाराला कर्णधारपद नाही. गुणवत्तेचा जप करणारे इथे गप्प बसतात. (पुढे १९३७ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध लढले, हरले. तेही आम्ही विसरत नाही.) १९२० मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळायलाच नकार दिला. तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार केले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.