गोंडवाना विद्यापीठ
गोंडवाना विद्यापीठ : चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांसाठीचे राज्य विद्यापीठ. मुख्यालय गडचिरोली. नागपूर विद्यापीठाचे (स्थापना 1923) विभाजन होऊन 2011 मध्ये स्थापन. पहिले कुलगुरू विजय आईंचवार. त्यापूर्वी गुणपत्रिकेतल्या साध्या दुरुस्तीसाठीही सिरोंचाच्या विद्यार्थ्याला दोन्ही जिल्हे ओलांडून नागपूर गाठावे लागे. पावसाळ्यात नाले भरले की तेही अडे. स्थापनेचे खरे कारण हेच.

कार्यक्षेत्र एकजिनसी नाही. पूर्वेला धानोरा, एटापल्ली, भामरागडची माडिया-गोंड गावे. पश्चिमेला भद्रावती तालुक्यातील माजरी. दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरचे जंक्शन आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींचे हे गाव. जवळच्या वरोऱ्यातले आनंदवनाचे आनंद निकेतन महाविद्यालयही याच विद्यापीठाशी संलग्न आहे.

वाढीचा विचार करता इमारतींपेक्षा ग्रामसभांशी जोडलेले काम महत्त्वाचे ठरते. वनहक्क कायद्याने (2006) सामूहिक हक्क मिळाले. मात्र बांबू-तेंदूचा लिलाव, हिशेब, वनव्यवस्थापन आराखडा गावालाच करावा लागतो. त्यासाठी विद्यापीठाने ग्रामसभा प्रशिक्षण हाती घेतले. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने येथे विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र चालते. वनोपजांवर प्रक्रिया व स्थानिक रोजगार हा त्याचा भर.