टोबीकची फिर्याद आणि जिनीव्हाचे पंच

राजाराजांतील तह मोडला की ज्याचे नुकसान होई तो शेजारी राजा ओरड करी. मानवी हक्कांच्या करारांत मात्र एक निराळीच अडचण आहे. येथे राज्य शब्द देते ते आपल्याच प्रजेला कसे वागवू याविषयी. तो मोडला तर शेजाऱ्याचे काहीच बिघडत नाही. मग तक्रार करावी कोणी आणि ऐकावी कोणी?

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये मंजूर केला व १९७६ च्या मार्चमध्ये तो अमलात आला. त्याच्या पालनावर नजर ठेवण्यासाठी अठरा जणांची मानवी हक्क समिती नेमण्यात आली. करारात सामील असलेली राज्येच हे सभासद निवडतात. परंतु एकदा निवडल्यावर ते कोणत्याही सरकारचे वकील नसतात. सरकारांनी वेळोवेळी आपला अहवाल द्यावा, समितीने त्यावर उघड बैठकीत प्रश्न विचारावेत आणि शेवटी आपले मत प्रसिद्ध करावे, ही झाली पहिली वाट. दुसरी वाट ऐच्छिक पुरवणी कराराची. तो ज्या राज्याने मान्य केला, तेथील व्यक्तीला स्वदेशातील दाद मागण्याचे उपाय संपल्यावर समितीकडे थेट लिहिता येते.

या दुसऱ्या वाटेचे मोल एका फिर्यादीवरून कळते. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात टोबीक ही आदिवासींची राखीव वस्ती आहे. तेथील मालिसीट जमातीत जन्मलेल्या सँड्रा लव्हलेस यांनी १९७० मध्ये जमातीबाहेरच्या पुरुषाशी विवाह केला. त्या काळच्या कायद्याने अशी स्त्री आदिवासी उरतच नसे. पुरुषाने मात्र बाहेरची बायको आणली, तर तिलाही जमातीचा दर्जा मिळे. पुढे विवाह मोडला आणि लव्हलेस माहेरी परतल्या, तो त्यांना तेथे राहण्याचा हक्कच नव्हता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच हा कायदा उचलून धरला असल्याने देशात दाद मागण्याची सोय उरली नव्हती. १९७७ च्या डिसेंबरात त्यांनी समितीकडे अर्ज केला.

समितीपुढे पेच होता. विवाह १९७० चा, आणि कॅनडाला करार लागू झाला १९७६ मध्ये. मागच्या गोष्टीचा न्याय कसा करावा? समितीने असे पाहिले की दर्जा गेला तेव्हा गेला. पण आपल्या लोकांत राहून आपली भाषा व संस्कृती जोपासण्याची बंदी आजही चालूच आहे. आदिवासींच्या जमिनी बाहेरच्या पुरुषांपासून राखण्यासाठी हा भेद झाला, असा इतिहास सरकारने सांगितला होता. परंतु लव्हलेस यांना वस्तीबाहेर ठेवल्याने जमातीचे रक्षण होते, हे समितीस पटले नाही. ३० जुलै १९८१ रोजी कराराच्या सत्ताविसाव्या कलमाचा भंग झाल्याचे मत तिने दिले.

हे मत म्हणजे हुकूमनामा नव्हे. समितीपाशी शिपाई नाही, बेलीफ नाही. तरीही १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. त्याचे सारे श्रेय समितीस देणे हा अन्याय होईल. १९७९ मध्ये आदिवासी स्त्रिया ओकापासून राजधानी ओटावापर्यंत पायी चालत गेल्या होत्या. १९८२ च्या नव्या हक्कांच्या सनदेचाही रेटा होता. समितीच्या मताने एवढेच केले, की घरच्या भांडणाला जगाच्या चव्हाट्यावर साक्षीदार मिळाला आणि सरकारला जनलज्जा वाटू लागली. पुढच्या पिढ्यांच्या बाबतीतला भेद मात्र या बदलानेही पुरता गेला नाही. त्यासाठी पुन्हा समितीचे दार ठोठवावे लागले आणि २०१९ मध्ये कायद्यात आणखी दुरुस्त्या अमलात आल्या.

आता आपल्या घराकडे वळू. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. पुरवणी करार मात्र त्याने स्वीकारलेला नाही. म्हणजे टोबीकच्या त्या बाईची वाट आपल्याला बंद आहे. उरते ती अहवालाची. आपल्या तिसऱ्या अहवालाची तपासणी १९९७ मध्ये झाली आणि चौथ्याची २०२४ मध्ये. मधल्या सत्तावीस वर्षांत एक पिढी जन्मून कर्ती झाली.

हिशेब तपासणारे पंच जिनीव्हात बसतात हे खरे; पण हिशेब मागण्याचे काम आम्हां नागरिकांचे आहे. फिर्यादीच नसेल तर पंच तरी काय करणार?