फिकट चट्ट्यांच्या त्वचारोगांचे ऊतक-परीक्षण

त्वचेवर फिकट किंवा पांढरे चट्टे पाडणाऱ्या विकारांत त्वचेच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून रंग कमी होण्याचे कारण शोधतात. कोड, शिबे व कुष्ठरोग हे यांतील परिचित विकार होत. कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ असे जुने नाव असल्याने त्याची कुष्ठरोगाशी गल्लत होते. वस्तुतः दोहोंचा काहीही संबंध नाही व कोड संसर्गजन्य नाही.

पद्धत

चट्ट्याच्या कडेचा सु. ४ मिमी. व्यासाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवितात व त्याचे पातळ छेद घेतात. हीमॅटॉक्सिलीन-इओसीन या नेहमीच्या अभिरंजनात मेलॅनिनाची घट सहज नजरेतून सुटते. म्हणून मेलॅनिन काळे दाखविणारे फोंटाना-मॅसन अभिरंजन करतात. शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना केल्यास निदान सोपे होते.

आढळणारे बदल

कोडात बाह्यत्वचेच्या तळथरातील मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. चट्टा पसरत असल्यास त्याच्या कडेला लसीका पेशी दिसतात. शिब्यांत मॅलॅसेझिया या कवकाचे आखूड तंतू व गोल बीजुके त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असतात. तेथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावातील खरवड पुरते, तुकडा काढावा लागत नाही.

कुष्ठरोगाचे निदान मात्र चेतातंतूंवर ठरते. त्याच्या क्षयरोगसदृश प्रकारात चेतातंतूंभोवती कणार्बुदे आढळतात. हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला या रोगाचा जंतू फाइट-फराको अभिरंजनाने दाखविता येतो. परंतु या प्रकारात तो बहुधा सापडतच नाही. त्यामुळे ‘जंतू आढळले नाहीत’ एवढ्या शेऱ्यावरून कुष्ठरोग नाही असे म्हणता येत नाही. आरंभीच्या अनिश्चित प्रकारात चेतातंतू, घर्मग्रंथी व केशपुटक यांच्याभोवती थोड्याच लसीका पेशी असतात आणि अनेक छेद तपासावे लागतात. हे कष्ट सार्थ आहेत, कारण बहुऔषधोपचाराने रोग बरा झाला, तरी नष्ट झालेला चेतातंतू पूर्ववत होत नाही.

लहान मुलांच्या गालांवरील पिटिरिॲसिस आल्बाचे चट्टे आपोआप जातात व त्यांतील ऊतकबदल सौम्य, अविशिष्ट असतात. कुष्ठरोगाच्या प्रदेशात मात्र हाच चट्टा संशयास्पद ठरतो. चेहऱ्यावर चेतातंतू विपुल असल्याने कुष्ठरोगाच्या चट्ट्यातही संवेदना शाबूत राहू शकते, आणि तुकडा काढल्यास व्रण उरतो. म्हणून अशा मुलांत प्रथम शरीरावर अन्यत्र बधिर चट्टे किंवा जाड झालेल्या चेता आहेत का, हे पाहतात.