धरमपेठ
धरमपेठ : पश्चिम नागपुरातील सधन निवासी भाग. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि सिव्हिल लाइन्समध्ये अधिकाऱ्यांचे बंगले उठले. शहर पश्चिमेला सरकले ते या सरकारी ओढीने. केवळ पैशानेच अशा वस्त्या घडतात, असे म्हटले जाते. पण पेढीवाले धनिक दीर्घकाळ इतवारी या जुन्या बाजारभागाच्या दाटीतच राहिले, हे त्याला उत्तर आहे. सरळ रस्ते आणि आखीव भूखंड आधी हवे होते. 1936 च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने शहरभर असे अभिन्यास पाडले.

1956 मध्ये राजधानी गेली. धरमपेठेचा भाव मात्र टिकला. फाटक, व्हरांडा, अंगणात कडुनिंब असे जुने बंगले आता मोजकेच. बहुतेकांच्या जागी खाली वाहनतळ असलेल्या सदनिकांच्या इमारती आहेत. घर शोधणाऱ्यापुढे आज मुख्यतः सदनिकाच असते, विकत किंवा भाड्याने. पुनर्बांधणीने जास्त कुटुंबांना जागा मिळते, हे खरे. पण मूळ आखणीतले रस्ते आणि गटारे तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत.