चानकी

श्रोतेहो, भाकऱ्या थापून झाल्या की परातीत राहिलेल्या पिठाची आई तळहाताएवढी एक भाकरी करते. तिला आपण चानकी म्हणतो. ती थापायला लेकराच्या हाती देणं, हा आपल्या खेड्यांतला स्वयंपाकाचा जुना धडा. या धड्याला इतिहास आहे, आणि तो मुलींच्या लग्नाच्या वयाशी जोडलेला आहे.

रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली झालं, वयाच्या अकराव्या वर्षी. आनंदीबाई जोशी यांचं नवव्या वर्षी. या दोघींची नावं तरी राहिली. बाकीच्या हजारो घरांत काय होत असेल ते आपणच ओळखावं. लेक सासरी केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून आईला घाई. तिथं भाकरी मोडली तर बोल माहेराला लागायचा. शिकवणं मायेचंच, पण पाठीशी धाक उभा.

तरी त्या आयांनी लावलेला क्रम शहाणपणाचा होता. आधी विस्तवाशिवायची कामं : सुपात तांदूळ निवडायचे, शेंगा सोलायच्या, लसूण सोलायचा. मग माप. मीठ चिमटीनं, पीठ ओंजळीनं, भातावरचं पाणी बोटाच्या पेरानं. आता गंमत बघा, लहान मुलाची ओंजळ लहान, म्हणून त्याचा अंदाज चुकायचाच, आई म्हणायची, "तुझ्या दोन, माझी एक." गणितच की हो हे! शेवटी भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नाही, म्हणून कढत पाणी घालून ते रगडून मळावं लागतं. थापताना कड चिरली तर मळणं कमी पडलं, हे पोरीला हातालाच कळतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग आराशी धरून फुगवायची. हात भाजल्याशिवाय स्वयंपाक येत नाही असं सांगणाऱ्या बाया होत्या. मला काही ते पटत नाही. जमिनीलगतची चूल आणि सैल पदर यांनी किती पोरी होरपळल्या असतील!

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' छापून आलं. आईच्या हातातली विद्या कागदावर आली. पण ज्या घरात वाचता येणारी बाई नाही, तिथं ते पुस्तक काय करणार?

खरा फरक कायद्यानं पडू लागला. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय १४ ठरवलं, १९४९ त १५ झालं, १९७८ त १८. कायदा झाला म्हणजे गावोगाव पाळला गेला असं नव्हे. पण जिथं पाळला गेला तिथं आईला सवड मिळाली. नऊ वर्षांची लेक पुन्हा नुसती लेक राहिली; चानकी बिघडली तर हसून खाता येऊ लागली.

आणि मुलगे? मुंबईच्या गिरणीत एकटे गेलेले कितीतरी गडी खानावळीच्या आधारानं जगले, कारण घरी त्यांच्या हातात कुणी पीठ दिलंच नव्हतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, आणि पुढं सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हाच एक वर्ग झाला. तिथं मुलगे आणि मुली बरोबरीनं स्वयंपाकाला लागत.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपल्या वर्गातल्या मुलांना एक काम सांगा. घरातल्या आजीला विचारून यायचं : पहिली भाकरी कितव्या वर्षी थापली, आणि लग्न कितव्या वर्षी झालं? हाच प्रश्न आईलाही. आजोबांना आणि वडिलांना भाकरीचा प्रश्न तेवढा विचारायचा. आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा, आणि मुलांनाच वाचू द्या.