वॉरहॉल, अँडी : स्वाक्षरीयुक्त मुद्राचित्रांचा संग्रह

अमेरिकन पॉप कलावंत अँडी वॉरहॉल (१९२८–८७) याने ठरावीक संख्येत छापवून घेतलेली व स्वतः स्वाक्षरी केलेली मुद्राचित्रे पारखून मिळवणे आणि जतन करणे, ही आधुनिक कलासंग्रहाची एक महत्त्वाची शाखा आहे. जाहिराती, डबाबंद खाद्यपदार्थ, चित्रपटतारका अशा बाजारी व लोकप्रिय प्रतिमांना कलाविषय मानणाऱ्या पॉप कलेत छपाई हे केवळ प्रती काढण्याचे साधन नव्हते; पुनरावृत्ती हाच वॉरहॉलच्या चित्रांचा आशय असल्याने त्याची मुद्राचित्रे मूळ कलाकृतीच ठरतात.

ही चित्रे मुख्यतः स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली आहेत. या पद्धतीत चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीला प्रकाशसंवेदी लेप देऊन तिच्यावर छायाचित्र उतरवतात, न छापायचा भाग बुजवतात आणि उघड्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई दाबून कागदावर घेतात; साधारणपणे प्रत्येक रंगासाठी निराळी जाळी लागते. ‘नायगारा’ (१९५३) या चित्रपटाच्या प्रसिद्धी छायाचित्रावर आधारलेला ‘मेरिलिन’ हा दहा चित्रांचा संच वॉरहॉलच्या ‘फॅक्टरी ॲडिशन्स’ने १९६७ मध्ये प्रकाशित केला. त्यानंतर ‘कॅम्पबेल्स सूप – १’ (१९६८), ‘फ्लॉवर्स’ (१९७०) व ‘माओ’ (१९७२) हे संच निघाले. या चारही संचांची आवृत्ती, म्हणजे विक्रीसाठी क्रमांक घातलेल्या प्रतींची संख्या, २५० होती; ‘एन्डेंजर्ड स्पीशीज’ (१९८३) या संचाची १५०.

प्रतीवरील ४२/२५० ही नोंद २५० प्रतींपैकी बेचाळिसावी प्रत दर्शवते, मात्र ती छपाईचा क्रम सांगतेच असे नाही. आवृत्तीबाहेर ठेवलेल्या ‘कलावंताच्या प्रती’ वेगळ्या खुणेने ओळखल्या जातात. ‘मेरिलिन’ संचात त्यांना ए ते झेड अशी २६ अक्षरे दिली आहेत. छपाईपूर्वी रंगसंगती पाहण्यासाठी काढलेल्या ‘चाचणी प्रती’ अनेकदा एकमेव असतात, म्हणून संग्राहक त्यांचा विशेष शोध घेतात.

केवळ स्वाक्षरीवरून प्रत अस्सल ठरत नाही, याचे बोलके उदाहरण ‘संडे बी. मॉर्निंग’ या नावाने १९७० पासून निघालेल्या प्रतींचे आहे. या प्रतींच्या मागील बाजूस ‘आपली स्वाक्षरी स्वतःच भरा’ अशा अर्थाचा शिक्का असे, आणि त्यांपैकी काहींवर वॉरहॉलने हे काम आपले नसल्याचे लिहून खाली स्वाक्षरी केली. म्हणजेच स्वाक्षरी खरी असूनही कर्तृत्व नाकारलेले असू शकते. फ्रेडा फेल्डमन व यॉर्ग शेलमन यांनी सिद्ध केलेल्या संपूर्ण सूचीत (पहिली आवृत्ती १९८५) प्रत्येक चित्राचा क्रमांक, माप, कागद, मुद्रक व स्वाक्षरीची जागा नोंदवलेली असून ‘मेरिलिन’ संचाचे क्रमांक २२ ते ३१ आहेत. अस्सलपणाचा निर्वाळा देणारे वॉरहॉल प्रमाणीकरण मंडळ २०१२ मध्ये विसर्जित झाल्यापासून सूचीशी तंतोतंत ताडणी आणि पूर्वीच्या मालकीची अखंड कागदपत्रे यांना अधिकच महत्त्व आले आहे.

जतनाचा प्रश्नही या पुराव्याशीच जोडलेला आहे. तीव्र प्रकाशाने शाई फिकी पडते, आम्लयुक्त पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो, तर कडा कापल्यास सूचीतील मापाशी मेळ बसत नाही. ‘मेरिलिन’ व ‘कॅम्पबेल्स सूप’ या संचांत स्वाक्षरी व क्रमांकाचा शिक्का मागील बाजूस असल्याने चित्र पुठ्ठ्यावर चिकटवले की त्याची ओळखच झाकली जाते. म्हणून जाणकार संग्राहक आम्लरहित पुठ्ठा, अतिनील किरण रोखणारी काच आणि सहज सोडवता येणारी बांधणी वापरतात, आणि चित्राच्या दर्शनी बाजूइतकीच त्याची पाठही जपतात.